हाताला पोयटा, तराजूत हलकी: वॉटरव्हिल पठारावरच्या राखमिश्रित जमिनीचं एक प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून शेताची नेमकी जागा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. सल्लागार मीच होतो, त्यामुळे चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात, डग्लस परगण्यात, वॉटरव्हिलचं पठार आहे. उंची बहुतेक ठिकाणी ६०० ते ९०० मीटर. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५० ते ३०० मिलिमीटर. आपण माण तालुक्याला दुष्काळी म्हणतो, तिथेही याहून जास्त पडतो. शिवाय इथलं बहुतेक पाणी हिवाळ्यात येतं. जून ते सप्टेंबर आभाळ बहुतेक कोरडं असतं, म्हणजे आपल्या नेमकं उलट. उघड्या माळावर सेजब्रशची राखाडी झुडपं दिसतात. आपल्या दवण्याच्याच वंशातली ही वनस्पती. पाऊस शिंपडला की माळभर जो वास सुटतो, त्याने मला दर वेळी जोतिबाच्या डोंगराची आठवण होते.

या पठाराच्या तळाशी बेसाल्ट आहे. सह्याद्रीत दिसतो तसाच काळा, थरावर थर बसलेला लाव्हा, फक्त वयाने लहान. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. पण पुढची कथा वेगळी आहे. दख्खनचा बेसाल्ट जागेवरच कुजत गेला आणि त्याची काळी माती झाली. वॉटरव्हिलवर शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून बर्फाचा प्रचंड पट्टा सरकत आला. त्याला ओकानोगन लोब म्हणतात. त्याने जुनी माती खरवडून नेली आणि पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी मागे हटताना रेव, गोटे, चिखल यांचा न निवडलेला ढिगारा टाकून दिला. विथ्रो गावाजवळ या बर्फाच्या कडेचा हिमोढ आजही लांबच लांब बांधासारखा उभा आहे. त्याच्या उत्तरेला शेतांमधून बर्फाने वाहून आणलेले, घराएवढे बेसाल्टचे भटके धोंडे बसलेले दिसतात. इथले लोक त्यांना 'हेस्टॅक रॉक' म्हणतात, म्हणजे गवताच्या गंजीसारखे धोंडे. ट्रॅक्टर त्यांना वळसा घालून जातो, पाभरीच्या ओळीही वळतात.

या ढिगाऱ्यावर वाऱ्याने बारीक धूळ आणून टाकली आणि त्या धुळीत राख मिसळली. सुमारे साडेतेरा हजार वर्षांपूर्वी पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचा ग्लेशियर पीक फुटला. मग सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी दक्षिणेला ओरेगनमध्ये मझामा पर्वत फुटून आत कोसळला. त्या खळग्यात आज क्रेटर लेक आहे. इथून ते अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, तरी त्याची राख इथे पडली आणि कॅनडातही पोचली. १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला, तेव्हा पूर्व वॉशिंग्टनमध्ये भर दिवसा अंधार पडला होता. इथले वयस्कर लोक ती आठवण अजून काढतात. मात्र मातीच्या दृष्टीने मझामाची राख मोठी.

आपल्याकडे 'काळी माती ज्वालामुखीच्या राखेची' असं सर्रास बोललं जातं, ते खरं नाही. ती लाव्हाच्या खडकाची झीज आहे. राख बघायची तर जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीला जावं लागतं. तिथल्या थराचं नातं सुमात्रातल्या तोबाशी, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात, आणि त्याच्या वयावरून बरेच वाद झाले आहेत. वॉटरव्हिलला मात्र एकाच खड्ड्यात लाव्हाही सापडतो आणि राखही, दोन्ही वेगवेगळ्या ज्वालामुखींची, आणि मध्ये हिमनदीचा राडारोडा.

कुटुंब आणि जमीन

या कुटुंबाकडे एक 'सेक्शन' जमीन होती, म्हणजे चौरस मैलभर, ६४० एकर. वडील सत्तरीच्या पुढचे, लेक चाळिशीची. शेती आता तीच बघते. १९८५ च्या कायद्याने अमेरिकेत धूपप्रवण जमीन पिकाखालून काढून गवताखाली ठेवण्याची योजना आली. सरकार त्याचं वार्षिक भाडं देतं. या घराने सुरुवातीच्या वर्षांतच सगळा सेक्शन योजनेत घातला आणि पुढे करार वाढवत नेला. तेव्हा क्रेस्टेड व्हीटग्रास नावाचं परदेशी, चिवट गवत पेरलं होतं. आता करार ३० सप्टेंबरला संपणार होता.

प्रश्न

लेकीला गहू हवा होता. या भागात हिवाळी गहू दोन वर्षांतून एकदा घेतात. एक वर्ष रान पड ठेवायचं, ओल साठवायची आणि दुसऱ्या वर्षी पीक काढायचं. सोलापूरच्या रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून ओल राखतात, हिशेब तोच. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' ही म्हण मी वडिलांना समजावून सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "हे तर माझे आजोबा म्हणायचे, फक्त भाषा वेगळी."

माझ्याकडे प्रश्न आला तो सरळ होता: या जमिनीत किती पाणी मावतं आणि त्यावर गहू परवडेल का? इथल्या जुन्या ठोकताळ्याप्रमाणे गव्हाचं झाड उभं राहण्यापुरतं पाणी गेल्यावर, पुढच्या प्रत्येक इंच पाण्याला एकरी सहाएक बुशेल गहू धरतात. एक बुशेल म्हणजे २७ किलो. त्यामुळे मातीत दोन इंच कमी-जास्त मावलं, की एकरी सव्वातीन क्विंटलचा फरक पडतो. या पठारावर फायदा आणि तोटा यांच्यात साधारण एवढंच अंतर असतं.

पहिली पाहणी, आणि माझी चूक

मी मृदा-नकाशा पाहिला, हातातला गिरमिट घेतला आणि दोन दिवसांत चोवीस ठिकाणी भोकं पाडली. वरची माती बोटांत घेतली. मऊ, पिठूळ, ओली केली तर किंचित बुळबुळीत. अंगठ्याने दाबून लांबवली तरी तिची फीत निघत नव्हती. मी काळ्या रानात वाढलेला माणूस. चिकणमातीची लांब फीत निघते तिथे बोटं लगेच ओळख देतात. या मातीला त्यांनी 'पोयटा' असं उत्तर दिलं आणि मी पुढे गेलो. वाळलेल्या मातीची धूळ सकाळच्या उन्हात चमकत होती, हे मी वहीत लिहिलंही. पण ती अभ्रकाची चमक असेल असं समजून सोडून दिलं.

चूक दोन जागी झाली.

पहिली चूक गिरमिटाची. गोटे लागले की गिरमिट अडतो. अडला की माणूस दोन पावलं सरकतो आणि पुन्हा लावतो. माझ्या चोवीस भोकांपैकी सतरा अशी 'सरकून' पाडलेली होती. म्हणजे जिथे माती खोल आणि मऊ होती, तिथलीच माती मी उचलली. खडकाळ उंचवट्यांचं, म्हणजे कण्यांचं, रान माझ्या पिशव्यांत आलंच नाही. नमुना मी निवडत नव्हतो, हत्यार निवडत होतं.

दुसरी चूक तराजूची. प्रयोगशाळा ओल वजनाच्या टक्क्यांत देते. त्यावरून जमिनीत किती मिलिमीटर पाणी मावेल हे काढायला मातीची घनता लागते. मी नेहमीचा आकडा घेतला, घनसेंटिमीटरला १.३५ ग्रॅम. साध्या पोयट्याला तो चालतो. वरच्या ४५ सेंटिमीटरला उपलब्ध ओल १५ टक्के, खालच्या ४५ ला ९ टक्के. गुणाकार केला तर ९१ आणि ५५, एकूण १४६ मिलिमीटर. 'गहू परवडेल' असं मी तोंडी सांगूनही टाकलं.

खड्डे

अहवाल लिहायच्या आधी वडिलांनी एक गोष्ट विचारली. शेताच्या मधोमध एक उंच कणा आहे. करारापूर्वी तिथे त्यांचा गहू दर पिकाला मेच्या अखेरीस पिवळा पडायचा. "तुमच्या कागदावर तिथे आणि ओघळीत सारखंच पाणी कसं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीने शेजाऱ्याचं जेसीबी मागवलं आणि आम्ही सहा खड्डे खणले: दोन कण्यावर, दोन उतारावर, दोन ओघळीत.

हे काम आधीच करायला हवं होतं.

ओघळीतल्या खड्ड्यात वरून ३५ सेंटिमीटरवर एक फिकट पट्टा दिसला. कुठे चार बोटं, कुठे वीतभर जाड, जवळजवळ शुद्ध राख. चिमूट घेऊन दातांखाली धरली की करकरते. भिंगाखाली पाहिलं तर बुडबुडे फुटून राहिलेले वाकडे, पारदर्शक काचेचे तुकडे. सकाळची चमक होती ती हीच. उताराच्या खड्ड्यात असा वेगळा पट्टा नव्हता. हजारो वर्षं वाऱ्याने, मुळांनी आणि बिळं करणाऱ्या प्राण्यांनी राख धुळीत कालवून टाकली होती. उतारावरची काही राख पाण्याने खाली ओघळीत जमा झाली होती. कण्यावर वीतभर मातीनंतर थेट हिमनदीचा राडारोडा: बेसाल्टचे गोटे आणि उत्तरेकडून वाहून आलेले ग्रॅनाइटचे तुकडे. पाऊण मीटरच्या आसपास गोट्यांच्या खालच्या बाजूला चुन्याचा पांढरा लेप, आपल्या चुनखडीसारखा. त्याच्या खाली पहार आपटली की ठण्ण आवाज यायचा. मुळं तिथे आडवी वळलेली होती.

घनता मोजण्यासाठी वरच्या थरात लोखंडी कडं ठोकून माती काढली. गोट्यांच्या थरात कडं जातच नाही. तिथे साधी युक्ती असते. लहान खड्डा करायचा, निघालेलं सगळं पोत्यात भरायचं, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरायचं आणि काठोकाठ भरेपर्यंत किती लिटर पाणी लागलं ते मोजायचं. घनफळ मिळालं. मग गोटे चाळून वेगळे करायचे.

उताराच्या खड्ड्यात वरच्या थराची घनता १.०५ निघाली. कारण समजायला सोपं आहे. काचेचे तुकडे पोकळ, वेडेवाकडे. ते वाळूच्या गोल दाण्यांसारखे एकमेकांत बसत नाहीत. त्यातच तीस-पस्तीस वर्षांच्या गवताची मुळं. माती फुगलेली, हलकी. खालच्या थरात गाळून उरलेल्या मातीची घनता १.५ होती, पण घनफळाचे ३५ टक्के गोटेच होते आणि मुळं ७५ सेंटिमीटरला थांबत होती. पुन्हा हिशेब मांडला तेव्हा वर ७१, खाली २६, एकूण ९७ मिलिमीटर. मी सांगितले होते १४६. दोन इंचांचा खड्डा माझ्याच कागदात होता.

खोल ओघळीत उलट झालं. तिथे ११० सेंटिमीटरपर्यंत गोटाच नव्हता, त्यामुळे माती हलकी असूनही १७० मिलिमीटरच्या वर पाणी मावत होतं. कण्यावर ३५ ते ४०. म्हणजे माझी सरासरी ज्या शेताची होती, तसं शेत त्या चौरस मैलात कुठेच नव्हतं.

जाता जाता एक गंमत. घनता जास्त धरल्याने मातीतलं नायट्रेटही मी एकरी जास्त मोजलं होतं, म्हणून खत कमी सुचवलं होतं. दुसरीकडे उत्पादनाचा अंदाज फुगला होता, म्हणून खत जास्त सुचवलं होतं. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन गेल्या. खताचा आकडा बरोबर दिसत होता, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

तिचं नाव काय

राखेच्या मातीला 'अँडिसोल' म्हणतात हे पुस्तकात असतं. मूळ शब्द जपानी: 'आन' म्हणजे काळसर, 'दो' म्हणजे माती. अमेरिकी वर्गीकरणात हा स्वतंत्र वर्ग १९९० च्या सुमारास आला. जपान, हवाई किंवा पावसाळी डोंगरांत राखेची काच लवकर विरघळते, अ‍ॅलोफेनसारखी खनिजं तयार होतात आणि माती स्फुरद घट्ट धरून बसते. वॉटरव्हिलला एवढं पाणीच नाही. ७,७०० वर्षांनीही काच बरीचशी काचच राहिली आहे. अशा अर्ध्यामुर्ध्या मातीसाठी 'व्हिट्रँडिक' हा उपगट आहे. त्याची एक अट अशी: अमोनियम ऑक्झलेटने निघणारं अ‍ॅल्युमिनियम अधिक निम्मं लोह, या टक्केवारीला ६० ने गुणायचं आणि त्यात काचेची टक्केवारी मिळवायची. बेरीज ३० किंवा अधिक हवी, आणि असा थर वरच्या ७५ सेंटिमीटरमध्ये किमान १८ सेंटिमीटर जाड हवा. उताराच्या मातीत काच २४ टक्के, ऑक्झलेटचा आकडा ०.३५, बेरीज ४५. बसली. कण्यावर ९ टक्के आणि ०.२, बेरीज २१. नाही बसली.

शेतातल्या झटपट चाचणीने मला पुन्हा चकवलं असतं. सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात माती कालवून फेनॉल्फ्थॅलिनचा कागद लावतात. सक्रिय अ‍ॅल्युमिनियम असेल तर तो गुलाबी होतो. वरच्या राखमिश्रित थराला जेमतेम फिकट रंग आला आणि राख नसलेल्या खालच्या थराला गडद. खालचा रंग चुन्याचा होता. चुनखडीच्या जमिनीत या चाचणीवर विसंबू नये, हे पाठ असूनही कागद गडद झाला तेव्हा मी क्षणभर खूश झालोच.

स्फुरद घट्ट बसण्याची भीती इथे फारशी नव्हती, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

पर्याय

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून चार गोष्टी बोलल्या गेल्या.

सगळा सेक्शन नांगरून गहू करायचा, हा लेकीचा मूळ बेत. कण्यावर ४० मिलिमीटर पाणी मावणार असेल, तर तिथे डिझेल जाळून दगडच वर काढायचे होते. या पठारावर दर हिवाळ्यात गोठण्या-वितळण्याने नवे धोंडे वर येतात, लोक म्हणतात 'दगडांचं पीक हमखास'. शिवाय धूपप्रवण जमीन मोडायची तर संवर्धनाचा आराखडा मंजूर लागतो, नाहीतर इतर सरकारी लाभ जातात.

दुसरा पर्याय: सगळं पुन्हा योजनेत घालायचं. या परगण्यात सेज-ग्राऊस पक्ष्याच्या अधिवासासाठी वेगळी तरतूद आहे, त्यात मूळची गवतं आणि फुलझाडं पेरावी लागतात. पण परगण्याच्या एकूण पीकजमिनीच्या २५ टक्क्यांवर योजना सहसा जाऊ शकत नाही आणि डग्लस परगण्यात आधीच गर्दी. जागा मिळेलच याची खात्री नव्हती.

तिसरा, गुरांना चरायला द्यायचं. कुंपण जुनं, पाणी एकाच कोपऱ्यात.

चौथा पर्याय वडिलांनी पेन्सिलीने काढला: ओघळी आणि खोल उतार गव्हाला, कणे गवताला, मधलं बघू. मला हा बेत पटला. पण खरं सांगायचं तर त्यांनी तो खड्डे खणायच्या आधीपासून मनात ठेवला असावा.

कुठे निर्णय घ्यावे लागले

शेवटी वाटणी अशी झाली: २३० एकर गव्हाला, २९० गवतातच, १२० वर निर्णय पुढे ढकलला.

पहिला कळीचा मुद्दा गवत कधी मारायचं हा होता. करार ३० सप्टेंबरला संपला. लेकीला त्याच शरदात तणनाशक मारून लगेच पेरायचं होतं, म्हणजे एक वर्ष वाचलं असतं. पण तेव्हा गवत उन्हाने सुकून झोपलेलं असतं, औषध मुळापर्यंत जात नाही. जुन्या गवताने मातीतली ओलही शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलेली असते. आम्ही वसंताची वाट पाहिली, हिरवं फुटल्यावर फवारलं आणि जूनमध्ये पुन्हा. एक वर्षाचं भाडंही गेलं आणि पीकही नव्हतं. लेकीला ते जड गेलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

दुसरा मुद्दा अवजाराचा. वडिलांना तव्याचा कुळव हवा होता. तरुणपणी त्यांनी तसंच गवत मोडलं होतं. माझा आग्रह रुंद पात्याच्या अंडरकटरचा. तो जमिनीखालून दहा-बारा सेंटिमीटरवर कापत जातो, वरची काडं जागेवर राहतात. काचेच्या कणांची ही माती एकमेकांना धरून राहत नाही. उघडी पडली की पीठ होते. वाद मिटेना म्हणून २० एकरांच्या पट्ट्यावर वडिलांच्या मनासारखं केलं.

तिसरा मुद्दा पेरणीचा. वॉटरव्हिलवर बर्फ शंभर दिवसांहून जास्त टिकू शकतं आणि त्याखाली गव्हाला बर्फबुरशी लागते. रोपं ऑक्टोबरपर्यंत दणकट झाली असतील तर वाचतात. त्यासाठी ऑगस्टअखेर पेरायला हवं. वाण तर बुरशी सोसणारेच घ्यायचे. १९९० मध्ये आलेला एल्टन किंवा २००१ मधला ब्रूल ही इथली जुनी नावं. पण ऑगस्टमध्ये पाऊस नसतो, म्हणून बी ओलीपर्यंत खोल टाकावं लागतं. आमच्या ओघळीत वाफशाची ओल पंधरा सेंटिमीटरवर होती. खोल सरी काढणाऱ्या पाभरीने तिथवर बी पोचवलं.

चौथ्या दिवशी पावसाची सर आली, जेमतेम पाच मिलिमीटर. महाराष्ट्रात अशा सरीला कुणी नाव ठेवणार नाही. इथे तिने ६० एकरांवर पापुद्रा धरला. बारीक काच आणि पोयटा यांची वरची कातडी अशी बसली की खालून येणारा कोंब वाकून, दुमडून मातीतच राहिला. पुन्हा पेरायचं की जे उगवेल त्यावर भागवायचं? पुन्हा पेरलं तर रोपं लहान राहणार, म्हणजे बुरशीला निमंत्रण. निम्मं पुन्हा पेरलं, निम्मं तसंच ठेवलं.

फळ

तो हिवाळा लांबला. पुन्हा पेरलेल्या ३० एकरांत वसंतात बर्फ वितळल्यावर करडी, चिकटलेली पानं दिसली आणि बरंच पीक गेलं. विरळ राहू दिलेल्या ३० एकरांनी मात्र फुटवे करून अंतर भरून काढलं. कापणीला चांगल्या ओघळीत एकरी ४६ बुशेल, उतारावर ३३, पापुद्र्याच्या विरळ भागात २७ आणि पुन्हा पेरलेल्यात ११. पहिल्या पिकात घराला फार काही उरलं नाही, पण बियाणं-डिझेल फिटलं.

२० एकरांचा तव्याचा पट्टा पेरणीच्या आधीच हातचा गेला होता. एका दुपारी वारा उठला आणि त्या पट्ट्यावरून पांढुरकी भिंत निघून थेट रस्त्यावर गेली. वडील पिकअपमध्ये बसून ते बघत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुळव शेडच्या मागे नेऊन लावला.

कण्यांचं २९० एकर पक्ष्यांच्या तरतुदीत पहिल्या वर्षी बसलं नाही. दुसऱ्या खेपेला ११० एकर घेतले गेले. तिथे मूळची गवतं पेरली, पण बी निम्म्या जागीच धरलं. उरलेल्या जागेत चीटग्रास नावाचं तण घुसलं. बाकीचं शेजाऱ्याच्या गाईंना भाड्याने दिलं आणि कुंपणाचा खर्च अजून वसूल व्हायचा आहे.

पुन्हा करायचं झालं तर

खड्डे आधी, गिरमिट नंतर. आणि गिरमिट अडला तर ते भोक वहीत 'अडलं' म्हणूनच नोंदायचं. सरकायचं नाही. माझी सतरा अडलेली भोकं मी तशीच नकाशावर मांडली असती, तर कणे पहिल्याच दिवशी उमटले असते आणि वडिलांना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

घनता प्रत्येक थरात मोजायची. त्याला एक कडं, हातोडा, चाळणी आणि अर्धा दिवस लागतो. मी तो अर्धा दिवस वाचवला होता.

वसंताची वाट पाहण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, लेकीला वाटत नाही. तिचं म्हणणं, वरच्या ओघळीत गवत कोवळं होतं, तिथे तरी करार संपल्या संपल्या प्रयत्न करायला हवा होता. असेलही.

पुन्हा पेरणीचा निर्णय मात्र चुकलाच. तेव्हा आम्ही उगवलेली रोपं मोजलीच नाहीत. रस्त्यावरून रान काळं दिसलं आणि घाबरलो. फुटभर ओळीत पाच-सहा रोपं जरी होती, तरी ती शाबूत आणि वेळेवर आलेली होती. ती ठेवायला हवी होती. पापुद्रा मोडायला फिरत्या दातांचं हलकं अवजार चालवून बघायचा पर्याय शेजाऱ्याने फोनवर सुचवला होता, पण तोपर्यंत पाभर शेतात उतरलेली होती.

मधल्या १२० एकरांचं अजून काही ठरलेलं नाही. तिथे राख वीतभर आहे की हातभर, हे नकाशावरून कळत नाही. मेमध्ये जमीन मोकळी झाली की आठ खड्डे घेणार आहोत. जेसीबी शेजाऱ्याचाच. कडं आणि हातोडा आता लेकीच्या गाडीत असतो.